एकटीसाठी दोन पंच

"विठाबाई सखाराम गुरव! हाजर आहात काऽऽ?"

निळ्या पत्र्यांनी काही उत्तर दिलं नाही.

"विठाबाई सखाराम गुरव! दुसरी हाक!"

पत्र्यांच्या पलीकडे एक जेसीबी माती उकरत होता. तोही थांबला नाही.

"विठाबाई सखाराम गुरव! तिसरी आणि शेवटची हाऽऽक!"

मी दोन्ही हात पसरून क्षणभर तसाच उभा राहिलो. मग आमचे शिपाई मोरेमामा यांच्याकडे वळून म्हणालो, "लिहा. आढळ नाही."

"साहेब, जरा हळू," मोरेमामा म्हणाले. "रस्त्यानं माणसं बघतायत."

"बघू देत की. तिकीट कुठं लावलंय?"

ठिकाण विक्रोळी पूर्व. दुपारचे बारा. पत्र्याला हात लावला तर फोड यावा असं ऊन. मी एका तहसील ऑफिसात अव्वल कारकून आहे. ऑफिस उपनगरातलं, पण कुठलं ते विचारू नका, मला अजून चार वर्षं नोकरी करायचीय. सरकारी कर्मचाऱ्यांच्या नाट्यस्पर्धेत मी दरवर्षी काम करतो, त्यामुळे आवाजाची अडचण नव्हती. अडचण ऐकणाऱ्यांची होती. समोर जी चाळ होती ती पाडून दोन वर्षं झाली होती, आणि मी तिच्यातल्या एकतीस म्हाताऱ्यांना नावानं हाका मारत होतो.

हे वेड कशासाठी, ते सांगतो.

माझ्या टेबलावर निराधार योजना आहे. ज्यांना कोणाचा आधार नाही अशा विधवा, म्हातारी, अपंग माणसं यांना सरकार दरमहा थोडी रक्कम देतं. रक्कम एवढीशी की तिच्यावर विनोद करावा. पण ज्यांना मिळते त्यांनी तो विनोद कधी केलेला मी ऐकला नाही. त्या वर्षी वरच्या मीटिंगमध्ये सांगण्यात आलं की तरतूद कमी आलीय. तरतूद म्हणजे बजेटमध्ये एखाद्या योजनेसाठी बाजूला ठेवलेला पैसा. तो कमी आला की माणसं कमी करायला हवीत, हा हिशोब कोणालाही कळतो. मात्र असं कागदावर कोणी लिहीत नाही. कागदावर येतं, "लाभार्थी यादीचे शुद्धीकरण करावे." जणू काही यादीला गोमूत्र शिंपडायचंय.

आमच्या नायब तहसीलदार मॅडम माझ्याहून वीस वर्षांनी लहान. हुशार बाई. वाईट अजिबात नाहीत, पण त्यांच्या डोक्यावर रोज फोन. त्यांनी यादी माझ्यापुढे सरकवली.

"पडवळ, ह्या एका चाळीची एकतीस नावं आहेत. चाळच नाही, तर नावं कशाला?"

"मॅडम, चाळ पाडली. माणसं नाही पाडली."

"मग शोधा. पंधरा दिवस देते. नाही सापडली तर शेरा मारा आणि मोकळे व्हा."

शेरा म्हणजे यादीतला शेवटचा रकाना. तिथं मयत, स्थलांतरित किंवा आढळ नाही यातलं काहीतरी एक लिहायचं. त्या बोटभर रुंद रकान्यात माणसाचं काय ते ठरतं. आणि 'आढळ नाही' लिहिण्याआधी त्या पत्त्यावर जाऊन तीन हाका मारायच्या, ही आमच्याकडची पद्धत. नियमात कुठं लिहिलेली नाही. कोर्टात पुकारा होतो, त्याची नक्कल कुठल्या तरी जुन्या कारकुनानं केली असावी. नियम मोडला तर खुलासा देता येतो, पद्धत मोडली तर सगळं ऑफिस बोलतं. म्हणून पत्ता शिल्लक असो वा नसो, आम्ही हाका मारतो.

तर आठ बायका 'आढळ नाही' झाल्या. मी नववं नाव घेतलं.

"कौसल्या भीमराव इंगळे! हाजर आहात काऽऽ?"

"हाय ना. ओरडता कशाला?"

मोरेमामांच्या हातून पेन पडलं.

रस्त्यापलीकडे बस स्टॉपच्या बाकड्यावर एक बाई बसली होती. सत्तरीच्या पुढची, निळी सुती साडी, मांडीवर कापडी पिशवी, बाजूला पाण्याची बाटली. ती उठली नाही. आम्हीच रस्ता ओलांडून गेलो.

"केव्हाचं ऐकते मी," ती म्हणाली. "नाटककंपनी आली का काय म्हटलं. गुरवीण तुमाला ओ कशी देईल? विठाबाई म्हणून तिला तिच्या नवऱ्यानं बी कधी हाक मारली नाही."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"आता घ्या! चाळीस वरसं शेजार. तिला लांजेवाली म्हनायचे. विठाबाई हे नाव मी आजच ऐकलं, आडनावावरून वळखलं."

मी यादी वाचून दाखवली. एकतीसपैकी जेमतेम दहा नावं तिला लागली. म्हणजे चाळीस वर्षं शेजारी राहिलेल्या बायकांची नावंच तिला माहीत नव्हती. आणि तिचं नाव त्यांना. ती स्वतः सगळ्यांना 'मिलिंदची आई' होती. चाळीत बाईला कोणाची तरी आई, कुठल्या तरी गावची, नाहीतर कोपऱ्यावरची म्हणतात. सरकारच्या यादीतली नावं ही फक्त सरकारलाच माहीत असलेली नावं होती.

मग इंगळेबाईंनी एक गोष्ट केली, ती मी जन्मात विसरणार नाही. डोळे मिटले, डाव्या हाताची बोटं उघडली आणि म्हणाली, "लिहा. नळाला पहिला हंडा लांजेवालीचा. तिच्या मागं कोपऱ्यावरची. मग बाळूची आई. मग मी. माझ्यामागं मुकी, ती मुकी नव्हती, बोलायची कमी. मग..."

चाळीला एकच नळ होता आणि त्याच्यापुढच्या रांगेचा क्रम चाळीस वर्षांत बदलला नव्हता. कोणाच्या पुढं कोण, ते तिला पाठ होतं. आणि प्रत्येक हंड्याबरोबर ती बाई आता कुठं गेली तेही. लांजेवाली जावयाकडं मुलुंडला. बाळूची आई बोरिवलीला, बाळूच्या सासऱ्याच्या खोलीत. मुकी देवाघरी. मी लिहीत होतो, मोरेमामा माझ्यावर छत्री धरून उभे होते.

"एवढ्या सगळ्यांचं माहीत आहे, तर भेटता का कधी?" मी विचारलं.

"चाळ मोडताना ज्यानं त्यानं सांगितलं, आमी इकडं चाललो, आमी तिकडं चाललो. ते ध्यानात हाये. भेट कुठली?"

"आणि तुम्ही इथं काय करता, बस येईपर्यंत?"

"बसची वाट नाही बघत मी. बसते." तिला कांजूरच्या बाजूला पुनर्वसनाच्या इमारतीत खोली मिळाली होती, सातव्या मजल्यावर. "तिथं दारं लावून घेतात. दिवसभर भिंतीशी काय बोलू? इथं येते चालत. वेळ लागतो, पर वेळच तर हाये."

पुढचे बारा दिवस मी तो नळाचा क्रम घेऊन मुंबईभर हिंडलो. मुलुंडला लांजेवाली जावयाच्या दुकानामागच्या खोलीत खोक्यांच्या मध्ये बसलेली. बोरिवलीला बाळूची आई बंद केलेल्या गॅलरीत, डोक्याशी वॉशिंग मशीन. प्रत्येकीला सांगितलं की तुमचं नाव यादीत राहील. प्रत्येकीनं मान हलवली आणि पैशांबद्दल अवाक्षर न काढता विचारलं, "मिलिंदची आई हाय का अजून?" एकाच शहरात होत्या सगळ्या, आणि एकमेकींची चौकशी सरकारी कारकुनाकडे करत होत्या. चार खरंच गेलेल्या निघाल्या. त्यांच्यापुढं मी मयत लिहिलं, आणि हो, हाका न मारता लिहिलं.

मॅडमपुढं फाईल ठेवली. त्यांनी मागचं पान उलटलं.

"पडवळ, हे काय? हंडा क्रमांक एक, हंडा क्रमांक दोन..."

"नळाचा क्रम, मॅडम. ओळख पटवण्याचा पुरावा."

"हे मी वर पाठवू?"

"परिशिष्ट ब म्हणून."

त्यांनी ओठ दाबून हसू आवरलं आणि सही केली. मी मनातल्या मनात पडदा पाडला, वाकून प्रेक्षकांना नमस्कारही केला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण हंडा क्रमांक चार जाईल. इंगळे."

"का? ती तर पहिली सापडली."

"मुलगा आहे. रेशनकार्डावर मिलिंद, वय चौतीस, कंपनीत नोकरी. कम्प्युटरनं काढलंय. कमावता मुलगा असेल तर निराधार नाही. नाव कमी करा."

म्हणजे ज्या बाईमुळे बाकीच्यांची नावं राहिली, तिचंच जाणार होतं.

तिच्याकडे दुसरं काहीही येत नव्हतं, हे मला तोवर कळलं होतं. ब्लड प्रेशरच्या गोळ्या, गॅस, तेल, पीठ, सगळं त्या रकमेतून. मिलिंद नोकरीसाठी सुरतेकडं गेला, तिथंच लग्न केलं, आधी फोन यायचे, मग दिवाळीला यायचे, मग बंद झाले. यावर नियमात उपाय होता. छापील नमुना आहे. "माझा मुलगा मला सांभाळत नाही. मला कोणाचाही आधार नाही." खाली सही. दोन मिनिटांचं काम. मी नमुना घेऊन सातव्या मजल्यावर गेलो.

बाईला वाचता येत होतं. प्रौढांच्या वर्गात शिकली होती. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं, कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"हे मी लिहून देनार नाही."

"अहो, नुसती सही करायचीय."

"माझा मिलिंद हाये. तो येत नाही, ते वेगळं. मला कोणी नाही असं कागदावर कशी लिहू? उद्या तो आला आणि त्यानं वाचलं तर?"

"बाई, ही सरकारी फाईल आहे. ती कोणी वाचत नाही. मी स्वतः तीस वर्षं वाचलेली नाही!"

ती हसली नाही. माझा हमखास टाळ्यांचा डायलॉग, आणि हॉल रिकामा.

"पैसे बंद होतील," मी म्हटलं.

"होऊ दे."

"गोळ्यांचं काय करणार?"

"अर्धी घेईन."

खोलीत एक कॉट, गॅसची शेगडी ठेवायचा ओटा, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली शाळेच्या गणवेशातला एक मुलगा. मी चहा प्यालो. तिनं कप दोनच काढले, आणि मला वाटतं तिच्याकडे होतेही दोनच.

आता दुसरा उपाय राहिला. अर्जदार स्वतः लिहून देत नसेल तर गृहचौकशी करायची. म्हणजे कारकुनानं घरी जाऊन पाहायचं आणि दोन पंचांसमोर पंचनामा लिहायचा. पंच म्हणजे त्याच ठिकाणी राहणारी, स्वतःच्या माहितीवरून सही करणारी दोन माणसं. त्यांनी म्हणायचं, ही बाई एकटी राहते, हिला कोणी सांभाळत नाही. मग तिच्या सहीची गरज नाही.

मी पॅसेजमध्ये आलो आणि दारं वाजवायला लागलो. पहिल्या दारात जाळीमागून आवाज आला, "सोसायटी ऑफिसला विचारा." दुसऱ्या दारातला माणूस म्हणाला, "आम्ही भाड्यानं आहोत." तिसऱ्या दारातल्या बाई म्हणाल्या, "इंगळे? ह्या मजल्यावर?" इंगळेबाईंचं दार त्यांच्यापासून दहा पावलांवर होतं. चौथ्या दारात टीव्हीचा आवाज कमी झाला, पण दार उघडलं नाही.

मी त्या लांबलचक पॅसेजमध्ये उभा राहिलो आणि मला पेच कळला. बाई एकटी आहे हे सांगायला तिला ओळखणारी दोन माणसं हवी होती. दोन माणसं ओळखत असती तर ती रोज चालत जाऊन बस स्टॉपवर बसली नसती. नाटकवाला म्हणून सांगतो, असा पेच मला सुचला असता तर मी लेखनाचं पहिलं बक्षीस घेतलं असतं.

लिफ्टची वाट बघताना सहज मनात आलं, माझ्या मजल्यावर माझ्यासाठी कोण सही करेल? मुलुंडला वन रूम किचन आहे माझं. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मी मोजून बघितलं. पेपरवाला ओळखतो, पण तो तिथं राहत नाही. समोरचे कुलकर्णी ओळखायचे, त्यांनी फ्लॅट विकला. लिफ्ट आली तेव्हा मी एकावरही पोचलो नव्हतो.

"एवढा विचार कसला करता?" मोरेमामा खाली म्हणाले. "आपल्या झेरॉक्सवाल्याच्या दोन सह्या घेऊ. एक त्याची, एक त्याच्या भावाची."

हेही सांगून टाकतो. प्रत्येक ऑफिसचे ठरलेले पंच असतात. आमच्या दारातला झेरॉक्सवाला मुलुंडपासून विक्रोळीपर्यंत प्रत्येक मयताचा सख्खा शेजारी आहे. मीही त्याच्या सह्या घेतल्यात, नाही कशाला म्हणू. पण त्या वर्षी वरून पंचांना फोन जात होते. नाव यादीत ठेवलं की फाईल उलटीसुलटी तपासायची. नाव काढलं तर कोणी एक प्रश्न विचारत नव्हतं. झेरॉक्सवाला फोनवर एक चुकीचं वाक्य बोलला असता, की बाई गेली.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत गेलो. यावेळी दोन दारं उघडली. एकात तावडे नावाचे गृहस्थ होते, मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी उरलेलं सगळं आयुष्य वॉचमनची नोकरी केलेली. दुसऱ्यात रेश्मा, घाटकोपरला पार्लरमध्ये कामाला, नुकतीच घरी येऊन अजून चप्पलही न काढलेली.

"माका काय ठावक?" तावडे म्हणाले. "मी कोणाच्या दारात बघूक जातंय?"

"तेच तर सांगतोय. आठ दिवस बघा. त्यांच्याकडे कोण येतं, कोण जातं. मग जे दिसलं त्यावर सही करा. खोटं काही नको."

"सीसीटीव्ही लावा ना मग," रेश्मा म्हणाली. "मी सकाळी नऊला जाते, आत्ता येते. मी काय बघणार?"

"येता-जाता बघा."

"आणि नंतर पोलीस-बिलीस आले तर?"

"आले तर मी त्यांना माझं नाटक दाखवीन. परत येणार नाहीत."

ती फिसकन हसली. तावडे हसले नाहीत, पण दार लावलंही नाही. मग मी इंगळेबाईंकडे गेलो आणि शक्य तितका कडक चेहरा करून सांगितलं, "आठ दिवस चौकशी चालू आहे. दिवसा दार उघडं ठेवायचं. बाहेर जायचं नाही."

"का बरं?"

"सरकारी काम आहे."

ती मुकाट्यानं 'बरं' म्हणाली. सरकारी काम आहे म्हटलं की या देशात काहीही खपतं.

आठ दिवसांनी गेलो. तावड्यांनी माझ्यापुढं एक वही टाकली. मी उघडली आणि मला हसावं की काय करावं कळेना. त्यांनी वॉचमनचं रजिस्टर केलं होतं. रेघा मारलेल्या, तारीख, नाव, इन, आऊट, कारण.

पहिले दोन दिवस: कोणी नाही. कोणी नाही. तिसऱ्या दिवशी: तावडे. इन अकरा दहा, आऊट अकरा पंधरा. कारण, कडी ढिली होती. चौथ्या दिवशी: तावडे. इन अकरा, आऊट पावणेबारा. कारण, चहा. संध्याकाळी, रेश्मा. कारण, केस कापले. पाचव्या दिवशी: रेश्मा. कारण, भाकरी नेली. सहाव्या, सातव्या, आठव्या दिवशी तावडे, चहा. तिसरं नाव त्या वहीत कुठंही नव्हतं.

"मी फुकट कापणार होते," रेश्मा म्हणाली. "ऐकेना. म्हणाली, भाकरी घेऊन जा, नाहीतर अर्धे केस परत चिकटव."

पंचनामा तिथंच कॉटवर बसून लिहिला. आणि इथं नियमातली एक अट आली, जी मी एरवी कधी पाळत नाही. पंचनामा लिहून झाला की सगळ्यांसमक्ष मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्या बाईसमोर. तिच्या घरात. तिच्याबद्दल.

मी हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारा माणूस. त्या दिवशी एवढ्या हळू वाचलं की तावडे म्हणाले, "वायच मोठ्यान."

"सदर महिला एकटी राहते," मी वाचलं. "तिचा सांभाळ कोणीही करीत नाही. चौकशीच्या आठ दिवसांत पंच वगळता तिच्याकडे कोणीही आले नाही."

इंगळेबाई साडीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. वाचन संपलं तसं म्हणाली, "एक ओळ ऱ्हायली."

"कुठली?"

"मुलगा हाये. ते लिहा."

"बाई, त्याच्यावरूनच तर नाव चाललंय. मी मुद्दाम गाळलंय ते. ही ओळ घातली तर..."

"गेलं तर जाऊ दे. माझ्या घरात बसून अर्धं वाचू नका."

रेश्मा जमिनीकडं बघत होती. मी पेन उघडलं आणि लिहिलं, "सदर महिलेस मिलिंद नावाचा मुलगा आहे. चौकशीच्या काळात तो आला नाही." वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. पंचांनी सह्या केल्या, तावड्यांनी सहीखाली सवयीनं वेळही टाकली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी फाईल उघडली. मी समोर उभा.

"मुलगा आहे, असं तुम्हीच लिहिलंय?"

"हो मॅडम."

"पडवळ, ह्या ओळीवर मी नाव काढू शकते."

"हो मॅडम."

"आणि 'पंच वगळता कोणी आले नाही' म्हणजे काय? पंच कशाला गेले?"

"पाहणीला."

त्यांनी सोबत जोडलेली वहीची झेरॉक्स चाळली. "कारण, चहा?"

"जवळून पाहणी, मॅडम."

"मग ही माणसं आहेत की तिला. आधार आहे म्हणायचा."

"मॅडम, आधार म्हणजे महिन्याचा सांभाळ. चहा नाही. चहा तर तीच करत होती."

त्यांचा फोन वाजत होता. त्यांनी उचलला नाही. वहीचं पहिलं पान काढून पुन्हा बघितलं, जिथं दोन दिवस नुसतं कोणी नाही, कोणी नाही लिहिलं होतं. मग मुलाच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली, थांबल्या, ती रेघ खोडरबरानं पुसली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "लाभ चालू ठेवावा." खाली सही.

"वरून विचारलं तर?" मी म्हटलं.

"विचारतीलच. मग मी तुम्हाला नाटकासकट त्यांच्यापुढं उभं करीन. जा आता."

विचारलं त्यांनी. तावड्यांना फोन आला. त्यांनी साहेबाला वहीतल्या सगळ्या नोंदी इन-आऊटसकट वाचून दाखवायला घेतल्या. तिसऱ्या दिवसावर पोचले तेव्हा साहेबानं फोन ठेवला. बाईचं नाव यादीत राहिलं.

मिलिंद आलेला नाही. रेश्मानं खोली सोडली, ती विरारकडे गेली असं ऐकतो. तावड्यांचे गुडघे धरलेत, आता ते आठवड्यातून एकदाच जातात. इंगळेबाई पुन्हा बस स्टॉपवर बसायला लागली आहे, मात्र मंगळवारी नाही, मंगळवारी तावडे येतात. आणि माझ्या टेबलावर दुसऱ्या एका पाडलेल्या चाळीची यादी आली आहे, तरतूद याही वर्षी कमी आहे.

आमच्याकडे नवीन भरती झालेले कारकून मला विचारतात की गृहचौकशी पटकन कशी उरकावी. मी त्यांना सांगतो, पंच बरोबर घेऊन जाऊ नका, तिथलेच शोधा. आठ दिवस मोडतात. तेवढ्यात निदान त्या घरात कोणीतरी येऊन गेलेलं असतं.